कोटातले छापखाने

प्रस्तावना

दरवर्षी ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो. १८३२ साली त्या तारखेला मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला आणि मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात बाळशास्त्री जांभेकरांचे नाव पहिल्या ओळीत गेले. त्या जागेवर त्यांचाच हक्क आहे. पण ‘दर्पण’चे मालक रघुनाथ हरिश्चंद्रजी आणि जनार्दन वासुदेवजी होते, हे त्या दिवशीच्या किती सभांमधून सांगितले जाते? कागद कोणी विकत घेतला, खिळे कोणाचे होते, जुळाऱ्यांचा पगार कोणी दिला, वर्गणी थकली तेव्हा कोणाच्या खिशाला चाट बसली, असे प्रश्न आपण विचारत नाही. संपादक म्हणजेच वृत्तपत्र, अशी आपल्या मनाची ठेवण झाली आहे.

हे पुस्तक त्या विसरलेल्या बाजूबद्दल आहे. मुंबईच्या कोटात आणि बाहेरकोटात १७८० पासून पुढच्या साठ-सत्तर वर्षांत ज्यांनी छापखाने काढले, अक्षरे कोरली, पत्रे चालवली, काही वेळा त्यापायी सर्वस्व घालवले, त्या माणसांचे हे पुस्तक. माझे म्हणणे थोडक्यात असे : मुंबईतले वृत्तपत्र लेखणीतून जन्मले नाही, ते छापखान्याच्या धंद्यातून जन्मले. धंदा आधी, पत्र नंतर. हा क्रम ध्यानात घेतला, की त्या काळातल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो.

आरंभ खरे तर आणखी शंभर वर्षे मागे न्यावा लागतो. सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख ईस्ट इंडिया कंपनीचे दलाल होते. आपल्या प्राचीन ग्रंथांच्या छापील प्रती निघाव्यात अशी त्यांची तळमळ होती, आणि त्यासाठी त्यांनी कंपनीकडे मुद्रक मागितला. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक वर्षाला ५० पौंडांच्या पगारावर यंत्र, इंग्रजी खिळे आणि कागद घेऊन आला. तो छापण्यात वाकबगार होता. नागरी अक्षर कोरणे मात्र त्याला ठाऊक नव्हते. भीमजींनी मग आपलीच माणसे त्या कामाला लावली. त्या उद्योगातून एकही ग्रंथ आपल्या हाती आलेला नाही. शेजारी गोव्यात १५५६ पासून छापखाना होता, तिथल्या पाद्रींनी मराठी-कोंकणी रचना रोमन लिपीत छापल्याही होत्या, पण ती विद्याही या किनाऱ्याने वर सरकली नाही. भीमजींच्या प्रयत्नातून एक गोष्ट स्पष्ट दिसते : यंत्र जहाजातून आणता येते, अक्षर इथेच घडवावे लागते. पुढच्या दीडशे वर्षांतल्या प्रत्येक छापखानेवाल्याला या प्रश्नाशी झगडावे लागले.

१७८० साली कलकत्त्यात जेम्स ऑगस्टस हिकीने ‘बेंगॉल गॅझेट’ काढले. हिंदुस्थानातले पहिले वृत्तपत्र म्हणून ते प्रसिद्ध आहे, आणि गव्हर्नर जनरलवर टीका केल्याबद्दल हिकीने भोगलेला तुरुंगवासही प्रसिद्ध आहे. त्याच १७८० सालासाठी मुंबईच्या बाजारात रुस्तमजी करसास्पजी नावाच्या पारशी गृहस्थाने एक इंग्रजी कॅलेंडर छापले. पाने ३४, किंमत २ रुपये. गव्हर्नरावर टीका नाही, तुरुंग नाही; म्हणून इतिहासाने त्याची फारशी दखल घेतली नाही. मला मात्र हे कॅलेंडर फार मोलाचे वाटते. ज्याला मुंबईत छापखाना चालवायचा आहे त्याने आधी काय छापावे, याचे उत्तर रुस्तमजींना बरोबर सापडले होते.

कॅलेंडर किंवा पंचांग सगळ्यांना लागते. ते दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. रोख पैसे देऊन घेतले जाते. सरकारच्या चिटणिसाला त्यात खोडण्यासारखे काही सापडत नाही. वृत्तपत्राचे गणित याच्या अगदी उलट. अंक आधी हातात पडतो, वर्गणी मागाहून येते, कधी येतच नाही. म्हणून मुंबईतल्या एतद्देशीय मुद्रकांची हकीकत पाहिली, तर तीन ठळक टप्प्यांवर तीन पंचांगे उभी दिसतात : १७८० चे रुस्तमजींचे, १८१४ चे फर्दुनजी मर्झबानांचे आणि १८३१ चे गणपत कृष्णाजींचे. त्यामागे योगायोग नाही, व्यवहार आहे. या पुस्तकाची प्रकरणे मी त्या टप्प्यांभोवती रचली आहेत.

मधली इंग्रजी पत्रे मी थोडक्यात आटोपली आहेत. १७८९ मध्ये ‘बॉम्बे हेरल्ड’, १७९० मध्ये ‘बॉम्बे कुरियर’, १७९१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’. वाचक मूठभर गोरे. विलायतेच्या बातम्या केपला वळसा घालून कित्येक महिन्यांनी यायच्या आणि तिकडच्या पत्रांतून जशाच्या तशा उतरवल्या जायच्या. बाकी जागेत जहाजांची ये-जा, लिलाव, दारूच्या पिंपांच्या जाहिराती आणि सरकारी नोटिसा. या पत्रांना खरा आधार सरकारी छपाईचा होता. ज्याच्याकडून काम मिळते त्याच्याच चिटणिसाकडे मजकूर तपासायला पाठवायचा, अशी ती व्यवस्था.

तरीही ‘कुरियर’चा छापखाना विसरून चालणार नाही, कारण इथे आपले अक्षर पहिल्यांदा खिळ्यात उतरले. १७९७ मध्ये ‘कुरियर’मध्ये गुजराती लिपीतली जाहिरात आली. तिची अक्षरे त्याच छापखान्यात काम करणाऱ्या जिजीभाई छापगरांनी घडवली होती. काही वर्षांत मोडीही आली. ज्या गिऱ्हाइकाला इंग्रजी येत नाही त्याच्याकडून माल उचलला जावा, यासाठी त्याची लिपी लागली. धर्म किंवा विद्या यांचा संबंध पुढे आला. आधी बाजार होता. १८२२ मध्ये याच छापखान्यातून ‘पंचोपाख्यान’ देवनागरीत निघाले आणि मराठी गद्याला मुंबईत छापील रूप मिळू लागले. जिजीभाईंबद्दलची माहिती अगदी तुटपुंजी आहे, तरी त्यांच्यासाठी मी वेगळे प्रकरण ठेवले आहे. आडनावातच ज्यांचा धंदा आला, त्यांना एखाद्या ओळीत उरकणे मला पटेना.

फर्दुनजी मर्झबान १७८७ मध्ये सुरतेला मोबेदांच्या, म्हणजे पारशी धर्मगुरूंच्या, घरात जन्मले. मुंबईत येऊन कदमी पंथाचे पंडित मुल्ला फिरोज यांच्याजवळ फारसी शिकले, पुस्तकबांधणी केली आणि १८१२ मध्ये स्वतःचा गुजराती छापखाना काढला. ही वाट मला महत्त्वाची वाटते. पुस्तक वाचणारा, मग बांधणारा, मग छापणारा. बांधणीवाल्याला कागदाचा पोत कळतो, घडी कळते, कोणत्या घरात कसली पुस्तके आहेत हे कळते. गुजराती अक्षरांचा पुरा संच तयार करणे म्हणजे पोलादावर एकेक ठसा कोरायचा, तो तांब्यात ठोकून साचा करायचा, मग शिसे, कथील आणि अँटिमनीच्या मिश्रणाचे खिळे ओतायचे. एका अक्षराची उंची केसभर चुकली तरी ओळ वाकडी दिसते. १८१४ मध्ये त्यांचे गुजराती पंचांग निघाले. त्यानंतर आठ वर्षांनी, १ जुलै १८२२ ला, ‘मुंबईना समाचार’चा पहिला अंक निघाला. आरंभी वर्गणीदार होते १५०.

ही आठ वर्षे वाचकाने नजरेआड करू नयेत. फर्दुनजींनी पत्र काढण्यासाठी छापखाना घातला नव्हता. छापखाना पोट भरू लागला, गिऱ्हाइकांची ओळख झाली, हाताखाली माणसे तयार झाली, तेव्हा पत्र काढले. ते पत्र दोनशे वर्षांनंतरही ‘मुंबई समाचार’ म्हणून निघते आहे. आशियात अखंड चाललेले त्याच्याइतके जुने वृत्तपत्र दुसरे नाही. मालक बदलले, गाव बदलले, राज्य बदलले, पत्र टिकले. पाया पक्का घातला होता, एवढेच म्हणता येईल.

पायाच्या धन्याच्या नशिबी मात्र ते सुख नव्हते. पारशी समाजात शहेनशाही आणि कदमी असे दोन पंथ पडले होते आणि त्यांचा वाद होता कालगणनेचा : नवे वर्ष नेमके कोणत्या दिवशी सुरू होते? त्या कबिसाच्या, म्हणजे अधिक महिन्याच्या, भांडणाने मुंबई ढवळून निघाली, कुटुंबे फुटली. फर्दुनजी मुल्ला फिरोज यांचे शिष्य, कदमी बाजूचे. ज्या माणसाने पंचांग छापून धंदा उभा केला त्याला पंचांगाच्याच वादाने ग्रासले. १८३२ मध्ये ‘समाचार’ त्यांच्या हातून गेले आणि पुढे इंग्रजांची हद्द सोडून ते पोर्तुगीजांच्या दमणला जाऊन राहिले. १८४७ मध्ये तिथेच वारले. त्यांच्यावरचे प्रकरण या पुस्तकातले सर्वांत मोठे आहे.

मराठी बाजूला हत्यारे आली ती मिशनऱ्यांकडून. १८१६ मध्ये होरेशिओ बार्डवेल हा अमेरिकन मिशनचा मुद्रक मुंबईत आला, यंत्र कलकत्त्याहून आणले गेले आणि १८१७ मध्ये पहिली मराठी पुस्तिका छापून झाली. हेतू उघडच धर्मप्रचाराचा होता. पण छापखान्यात कामाला आलेला पोरगा शुभवर्तमान वाचण्यापेक्षा खिळे कसे धरायचे, रूळ कसा फिरवायचा, साचा कसा कसायचा हे आधी शिकतो. थॉमस ग्रॅहम याच मिशनच्या छापखान्यात तयार झाले आणि देवनागरी अक्षरे कोरण्यात त्यांचा हात बसला. मुंबईत देवनागरी खिळा सुबक झाला त्यात ग्रॅहम यांचा वाटा फार मोठा. मराठी लिपीच्या इतिहासात त्यांचे नाव कृतज्ञतेने घ्यायला हवे.

आणि याच छापखान्यात गणपत कृष्णाजी होते. जातीने भंडारी. घरात विद्येची परंपरा नाही, भांडवल नाही. दिवसा मिशनचे काम, मनात स्वतःचा छापखाना. त्यांनी स्वतःच्या हातांनी यंत्र जुळवले, शिळाछापासाठी दगड मिळवला, शाईचे प्रयोग केले आणि शके १७५३ चे, म्हणजे १८३१ चे पंचांग छापले. मराठीतले हे पहिले छापील पंचांग.

या एका कृतीत किती पेच होते ते नीट पाहायला हवे. पंचांग ही जोशांची मिरास. ते हाताने लिहून घरोघर द्यायचे. तिथी, नक्षत्र, योग, करण यांची घटी-पळे रकान्यांत मांडायची. एक आकडा चुकला तर कोणाची एकादशी चुकणार. दुसरा पेच स्पर्शाचा. छपाईच्या शाईत जनावराची चरबी असते या समजुतीने सोवळे लोक छापील कागदाला हात लावायला तयार नव्हते. गणपत कृष्णाजींनी चरबीच्या जागी तूप घालून शाई तयार केली. तिसरा पेच अक्षरांचा. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून देवनागरीचे शेकडो वेगवेगळे खिळे लागतात आणि ते ओतण्याचा खर्च एकट्या कारागिराच्या आवाक्यातला नसतो. शिळाछापात खिळाच नको. सुंदर हस्ताक्षराच्या लेखकाकडून स्निग्ध शाईने लिहून घ्यायचे, ते दगडावर उतरवायचे आणि प्रती काढायच्या. छापून आलेले पान पोथीच्या पानासारखेच दिसते, त्यामुळे वाचणाऱ्याचे डोळेही बिचकत नाहीत.

तूप, दगड आणि पंचांग या तीन गोष्टी एकत्र आणणारी ही बुद्धी मोठी होती. सुधारणेवर एक शब्द न लिहिता या माणसाने छापील कागद देवघरापर्यंत नेला. पुढे त्यांनी देवनागरी खिळेही तयार केले, आणि त्यांच्या छापखान्याची मराठी-संस्कृत पुस्तके आजही जुन्या ग्रंथसंग्रहांत नीटस छपाईमुळे चटकन ओळखू येतात. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’मध्ये त्यांची हकीकत आदराने नोंदवली नसती, तर आज आपल्याजवळ काय उरले असते, या विचाराने मन अस्वस्थ होते.

आता ‘दर्पण’कडे. १८३२ पर्यंत शहरात काय तयार होते ते मोजावे : इंग्रजी छापखान्यांचा चाळीस वर्षांचा सराव, फर्दुनजींनी घालून दिलेला देशी भाषेतल्या पत्राचा धडा, मिशनने शिकवलेले जुळारी, आणि शाळांसाठी शिळाछापावर काढलेल्या क्रमिक पुस्तकांमुळे तयार होत असलेली वाचकांची पहिली पिढी. जेमतेम विशीतल्या जांभेकरांनी या सगळ्यावर पाऊल ठेवून पत्र उभे केले. एका बाजूला इंग्रजी, शेजारच्या रकान्यात मराठी. आधी पाक्षिक, काही महिन्यांतच साप्ताहिक. वर्गणीदार सुमारे ३००. १८४० मध्ये ते बंद झाले. आठ वर्षे टिकले ही गोष्ट जांभेकरांच्या विद्वत्तेइतकीच मालकांच्या चिकाटीचीही आहे, आणि ती मराठीत पुरेशी मांडली गेलेली नाही.

भाऊ महाजनांनी, म्हणजे गोविंद विठ्ठल कुंट्यांनी, वेगळा मार्ग धरला. १८४१ मध्ये ‘प्रभाकर’ सुरू केले आणि छापखाना स्वतःचा ठेवला. मालक, संपादक आणि छापखानेवाला एकच असला म्हणजे मजकुरात किती जोर येतो, हे ‘प्रभाकर’च्या स्तंभांतून कळते. १८४८ पासून लोकहितवादींची पत्रे याच पत्रात येत गेली. ब्राह्मणवर्गावर इतके कडक प्रहार करणारा मजकूर आठवड्यामागून आठवडा छापायचा, तर वर्गणी तुटण्याची तयारी लागते. ती तयारी पगारी संपादकाला ठेवता येत नाही. लोकहितवादींच्या धैर्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. ती पत्रे छापणाऱ्याच्या धैर्याबद्दलही बोलले पाहिजे.

सरकारशी असलेला संबंध पुस्तकभर वेगवेगळ्या ठिकाणी येतो, म्हणून त्याचा धागा इथे एकदा सांगून ठेवतो. १७९९ मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीने नियम केले : मुद्रक, मालक आणि संपादक यांची नावे द्या, मजकूर आधी दाखवा, मोडाल तर युरोपात परत पाठवू. ही शिक्षा गोऱ्यांना धाक घालणारी होती. जो इथेच जन्मला त्याला परत कुठे पाठवणार? कलकत्त्याला हीटली नावाच्या, इथेच जन्मलेल्या संपादकाच्या बाबतीत ही अडचण उघडी पडली आणि १८१८ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने पूर्वतपासणी उठवली. मुंबईत गव्हर्नर एल्फिन्स्टननेही ती काढली. पण उदार म्हणून आपण ज्याचे गुण गातो त्याच एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, १८२४ मध्ये, ‘बॉम्बे गॅझेट’चा संपादक फेअर याला न्यायालयातील कामकाजाच्या वृत्तांतावरून देशाबाहेर घालवण्यात आले. एल्फिन्स्टनबद्दल मला आदर आहे. तरी हे प्रकरण झाकून ठेवणे बरोबर नाही. १८३५ च्या मेटकाफच्या कायद्याने परवान्याची अट गेली. मुद्रक आणि प्रकाशकाने दंडाधिकाऱ्यासमोर आपले नाव व छापखान्याचे ठिकाण जाहीर केले की पुरे. मजकूर मोकळा झाला आणि जबाबदारी एका माणसाच्या नावावर कायमची बसली. पुस्तकाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत ‘हे पुस्तक अमुक ठिकाणी अमुक यांनी छापले’ अशी ओळ येते, तिच्यामागे ही सगळी हकीकत आहे. ती ओळ वाचण्याची सवय लागली तर या पुस्तकाचे निम्मे काम झाले असे मी समजेन.

‘बॉम्बे टाइम्स’ला मी मुद्दाम शेवटाकडे आणि आखडते घेतले आहे. १८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली, टपालाचा रस्ता इजिप्तमार्गे जवळ आला, आणि विलायतेची बातमी हिंदुस्थानात सर्वांआधी मुंबईला पोचू लागली. त्या लाभावर १८३८ मध्ये शहरातल्या व्यापाऱ्यांनी मिळून हे पत्र काढले. इथे मालक म्हणजे मंडळी झाली. खिळा ओतणारा आणि पत्राचा धनी यांची फारकत झाली. ते जग वेगळे आणि त्यावर इतरांनी भरपूर लिहिले आहे.

मराठी पत्रांचा इतिहास मराठीत, गुजरातीचा गुजरातीत आणि इंग्रजीचा इंग्रजीत लिहिण्याची रीत पडली आहे. त्यामुळे जिजीभाई आणि फर्दुनजी आमच्या पुस्तकांत पाहुण्यासारखे येतात, ग्रॅहम येतच नाहीत. त्या काळातल्या छापखान्यांत अशा भिंती नव्हत्या. पारशी कारागीर इंग्रजाच्या छापखान्यात गुजराती अक्षर कोरत होता, भंडारी तरुण अमेरिकनाकडे मराठी छापायला शिकत होता, आणि एकाने सोडलेला कामगार दुसऱ्याकडे जाताना हातातली कला बरोबर नेत होता. म्हणून मी भाषेची विभागणी सोडून छापखान्यांची परंपरा धरली आहे. अ. का. प्रियोळकरांनी १९५८ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या वाटेवर पहिला दिवा लावला. त्यांच्यावाचून हे लिहिताच आले नसते.

एक उणीव राहिली आहे आणि ती मला सलते. हातयंत्रावर दोन माणसे मिळून तासाला दोनशे-अडीचशे कागद काढत. एक शाई लावी, दुसरा दांडा ओढी. जुळारी उभ्याने दिवसभर खिळे वेचत. कायद्याने मुद्रकाचे नाव मागितले, या माणसांचे मागितले नाही, म्हणून ती नावे नाहीत. त्यांतला एक पुढे नावारूपाला आला आणि त्याच्यापाशी मी पुस्तक थांबवले आहे. जावजी दादाजी, जन्म १८३९. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास अमेरिकन मिशनच्या छापखान्यात महिना दोन रुपयांवर खिळे घासायला लागले. निरनिराळ्या छापखान्यांत राबत कला शिकले, १८६४ मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर. आधी अक्षरे, मग छापखाना. अक्षरांची घडण तिथून पुढे निराळा धंदा झाली आणि मुंबईचा देवनागरी खिळा देशभर जाऊ लागला. ते दुसऱ्या खंडाचे काम आहे. त्याची जुळवाजुळव सुरू केली आहे.